मग काहील कुणी उतरली?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं, कुणी ठरवून लिहिल्यासारखी, एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. लेखकानं आपलं मत पात्राच्या तोंडी घालावं का, हा त्यांचा प्रश्न. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ठेवले आहेत, त्या वाचकांनी रागावू नये. पहिल्या पत्राला जागा जास्त गेली आहे, कारण त्या बाईंनी जे विचारलंय ते मी स्वतः भोगलेलं आहे.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. विधवा प्रथेवर एक कथा लिहून दिवाळी अंकाला पाठवली. नवरा गेलेल्या बाईच्या बांगड्या फोडायला बायका जमतात, तेव्हा तिची धाकटी जाऊ उभी राहते आणि सगळ्यांना सुनावते. संपादकांनी कथा परत पाठवली. वर एकच ओळ, ‘जाऊ बोलत नाही, तुम्ही बोलता.’ मग लेखकानं बोलायचंच नाही का? ज्याला काही म्हणायचंच नाही त्यानं लिहायचं तरी कशाला? – एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : बाई, तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. आणि विषय तर आपल्या दारातलाच आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून सांगितलं. एवढं घडल्यावर तुम्हाला त्यावर लिहावंसं वाटलं नसतं तरच नवल. तुमच्या मताबद्दल संपादकांची तक्रार नाही, माझीही नाही.

आता माझी गोष्ट सांगते. मी पंचविशीत होते, वाचनालयाच्या काउंटरवर नुकती लागले होते. माझे थोरले मामा गुळवे होते, म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करणारे, वडणगेच्या बाजूला एका गुऱ्हाळावर हंगामभर असायचे. मी एका गुळव्यावर कथा लिहिली. उसाचा दर, गुळाचे सौदे, शेवटी शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं, याबद्दल माझी मतं तेव्हाही ठाम होती आणि आजही आहेत. कथेतला गुळव्या काहिलीजवळ, रस आटवायच्या मोठ्या कढईजवळ, उभा राहून दीड पान बोलतो. अडते, कारखानदार, सरकार, कुणालाच सोडत नाही. ते दीड पान मोठ्यानं वाचताना माझा गळा भरून यायचा.

हंगामात आजोळी गेले, तेव्हा रात्री जेवणं झाल्यावर मामांना कथा वाचून दाखवली. ते भिंतीला टेकून ऐकत होते. मधे एकदाही बोलले नाहीत. मी थांबले, तसे म्हणाले, “चांगलं लिवलंयस. पर मग काहील कुणी उतरली?”

मला समजलं नाही. ते म्हणाले, “ह्यो तुझा गुळव्या बोलाय लागतोय कवा? गोळी बघायच्या टायमाला. येवढं बोलूस्तोवर पाक गेला की जळून. आख्खं आधण वाया. मालक दुसऱ्या दिवशी उभा करंल का त्याला?”

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला गुऱ्हाळावर घेऊन गेले. त्याआधीही मी तिथं गेले होते, पण काकवी खायला. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. रस तापला की भेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते, ती काढत राहायची. तोवर मामा माझ्याशी बोलत होते, चुलवाणात चिपाड सारणाऱ्या पोराची चेष्टा करत होते. फेस चढून पिवळसर झाला तसं त्यांचं बोलणं तुटक झालं. नंतर ते थांबलंच. मी काहीतरी विचारलं, त्यांना ऐकू गेलं नाही. डोळे बुडबुड्यांवर. बुडबुडे लहान असताना वेगळे फुटतात, पाक घट्ट झाला की फुटताना जड आवाज येतो. त्यांनी नुसता हात वर केला आणि जाळ कमी झाला. पाकाचे दोन थेंब डब्यातल्या गार पाण्यात सोडले, बोटांनी गोळी वळली, ती काहिलीच्या काठावर मारून बघितली, टण्ण वाजली. “हां.” एवढंच. चौघांनी काहील ओढली, वाफ्यात पाक सांडला आणि सगळं गुऱ्हाळ त्या वासानं भरून गेलं. गोळी वळल्यापासून पाक वाफ्यात पडेपर्यंत दोन मिनिटंही गेली नसतील. त्या दोन मिनिटांवर सगळ्या आधणाचा पैसा अवलंबून होता आणि मी नेमकी तीच जागा माझ्या भाषणासाठी निवडली होती.

मामांना मत नव्हतं असं समजू नका. त्याच दुपारी मालकानं साखरेचं पोतं आणून काहिलीशेजारी ठेवलं. साखर मारली की गुळाला रंग चांगला येतो, सौद्यात भाव वर जातो. मामांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं आणि ते हात धुवायला गेले. निवांत धुतले, कोपरापर्यंत. पोतं परत आत जाईपर्यंत ते काहिलीपाशी आले नाहीत. कुणी कुणाला काही बोललं नाही. माझ्या दीड पानात जे होतं ते सगळं त्या हात धुण्यात होतं, आणि शिवाय त्यांची त्या दिवसाची मजुरीही पणाला लागलेली होती. माझ्या पात्रानं काहीच पणाला लावलं नव्हतं.

म्हणून बाई, तुमच्या कथेला मी मामांचाच प्रश्न विचारते. जाऊ बोलत असताना दगड कुणाच्या हातात आहे? ती बोलतेय तेवढा वेळ त्या हाताचं काय होतं? बांगड्या फोडणारी बाई बहुतेक वेळा स्वतः विधवा असते, वयानं मोठी असते, गावात अशा चार घरी तिनं हेच केलेलं असतं. तिचं काय? तुमच्या कथेत ती फक्त सुनावून घ्यायला बसवली आहे. तिच्या स्वतःच्या बांगड्या एकोणिसाव्या वर्षी फोडल्या असतील. ही प्रथा आज खोटी ठरली, तर तिनं पांढऱ्या कपाळानं काढलेली पन्नास वर्षं कशापायी गेली? हे तिला सोसवेल का? ती हट्टानं दगड उचलते त्यामागे हे असू शकतं. तिला हे कारण द्या, तोंडून वदवू नका, फक्त तुम्हाला ठाऊक असू द्या. तुमच्या मताविरुद्ध उभी असलेली बाई जितकी खरी, तितकं तुमचं मत त्या घरात खरं वाटेल.

आणि जाऊ. तिला उद्यापासून त्याच घरात राहायचंय. सासूच्या हातचं जेवायचंय, पोराची फी सासऱ्यांकडून यायचीय. असल्या बाईनं पान दीड पान बोलणं अवघड आहे. पण ती नुसतं थोरलीचं मनगट आपल्या पदराखाली घेऊन बसली आणि ‘ऱ्हाऊ द्या त्या’ म्हणाली, तर? तीन शब्द. काच फुटून मनगटात रुतली तर ती कोण काढतं, हेही बघा. मी लहानपणी बघितलंय, फोडणारीच काढते, पदर ओला करून, पोराचा काटा काढावा तशी. ते मी आजवर विसरलेले नाही.

आणखी एक करून बघा. कथेतली जी वाक्यं उद्या तुमच्या नावानं वर्तमानपत्रात लेख म्हणून जशीच्या तशी छापता येतील, त्यांच्याखाली पेन्सिलनं रेघ ओढा. ती कथेतून बाहेर काढा, पण फाडू नका. त्यांचा लेख करा. हेरवाडनंतर किती गावांनी ठराव केला, केलेल्या गावात पुढं काय झालं, तुमच्या तालुक्यात जाऊन विचारा, लिहा. तो लेख लागेलच. कथाही लागेल. दोन्ही एकाच चुलीवर शिजवू नका.

प्रश्न : आमचे सर वर्गात म्हणाले की खांडेकरांची सगळी पात्रं म्हणजे खांडेकरच. मला ‘ययाति’ फार आवडते, म्हणून वाईट वाटलं. सरांचं बरोबर आहे का? – एम. ए. मराठीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझ्या सरांचं म्हणणं निम्मं खरं आहे, आणि त्यावरून आपल्या गावानं एक मोठा वाद बघितलेला आहे. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत होते. वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून १९३८ साली इथं राहायला आले. ‘कलेसाठी कला’ म्हणणारा आणि ‘जीवनासाठी कला’ म्हणणारा, असे दोघे काही वर्षं एकाच गावात नांदत होते. पण त्या दोन घोषणांमध्ये तुझ्या प्रश्नाचं उत्तर शोधू नकोस. फडक्यांच्या कादंबऱ्यांमागेही त्या काळचं राजकारण उभं आहे आणि खांडेकरांनाही नटवलेल्या वाक्याचा मोह होताच. उत्तर पुस्तकात शोध.

‘ययाति’ १९५९ सालची. साहित्य अकादमीनं १९६० साली गौरवली, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते खांडेकरांना, १९७४ सालचं. त्यातला कच आठव. महाभारतात कच संजीवनी शिकतो, देवयानीला नकार देतो, शाप घेतो-देतो आणि निघून जातो. पुढं ययातीच्या कथेत त्याचं काम नाही. खांडेकरांनी त्याला परत आणला, संन्यस्त केला, त्याला पत्रं लिहायला लावली. उघड आहे की खांडेकरांना जे सांगायचं होतं त्यासाठी त्यांना तो लागत होता. संयम, सुखाची मर्यादा, दुसऱ्यासाठी जगणं, हे कचाच्या तोंडी आलं की सर म्हणतात ते दिसतं. तिथं खांडेकरच बोलतात.

पण ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकिगत स्वतः सांगतात. देवयानीचा गर्व खांडेकरांना पसंत नव्हता, तरी तिला बोलू दिल्यावर तिनं स्वतःची बाजू अशी मांडली आहे की वाचणारा काही काळ तिच्या बाजूनं होतो. ययातीचा तर खांडेकरांना धाकच वाटत असावा. तोच सगळ्यांत जिवंत झाला. भोगात बुडणारा माणूस त्यांनी इतका आतून लिहिला की वाचताना आपल्यालाही आपली लाज वाटते.

मी एकतीस वर्षं काउंटरवर होते. ‘ययाति’ची एक जुनी प्रत आमच्याकडे तीनदा बांधून घेतली. परत आलेलं पुस्तक तपासताना कडेनं बघायची मला सवय होती. पानांच्या कडा कुठं मळल्यात, कुठं कोपरे दुमडलेत. शर्मिष्ठेच्या आणि देवयानीच्या पानांच्या कडा काळपट झालेल्या असायच्या. कचाच्या लांब पत्रांच्या जागी कडा पांढऱ्या. शेकडो वाचकांनी न सांगता केलेली ती समीक्षा होती आणि तिच्यावर माझा भरवसा आहे.

रामदास पाध्यांचा अर्धवटराव तू बघितला असशील. सगळ्यांना ठाऊक असतं की आवाज पाध्यांचा आहे, ओठ बाहुल्याचे. तरी माणसं का रमतात? अर्धवटराव मालकाला उलट बोलतो. त्याची चूक काढतो, प्रेक्षकांसमोर त्याला अडचणीत आणतो. तो ‘हो जी, बरोबर जी’ करत राहिला असता तर पाच मिनिटांत लाकूड दिसलं असतं. कच खांडेकरांना उलट बोलत नाही. देवयानी बोलते.

वाईट वाटून घेऊ नकोस. सरांना हे दाखव आणि त्यांच्याशी वाद घाल. आणि जमलं तर वामन मल्हार जोश्यांची ‘रागिणी’ वाच, १९१५ सालची. वामनराव एके काळी कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात होते, त्यातल्या एका लेखापायी तुरुंगातही गेले. ‘रागिणी’तली माणसं बसून वेदांतावर, स्त्रियांच्या हक्कांवर तासन् तास बोलतात. पण पुस्तकाचं दुसरं नावच त्यांनी ‘काव्यशास्त्रविनोद’ ठेवलं आहे. वाचणाऱ्याला दारातच सांगितलंय की आत चर्चा आहे. मला त्या सरळपणाबद्दल त्यांचा आदर वाटतो.

प्रश्न : ‘महाभारतात कर्ण म्हणतो’ असं लिहून एक सुविचार सारखा व्हॉट्सॲपवर फिरतो. खरंच महाभारतात आहे का तो? – एक वाचक, आजरा

उत्तर : तुम्ही पाठवलेला मजकूर कर्णानं ‘मी’ म्हणून आपल्या साऱ्या आयुष्याकडे मागं वळून बघावं असा आहे. महाभारतात कर्ण बोलतो, कृष्णाशी बोलतो, शरपंजरी पडलेल्या भीष्मांशी बोलतो, पण कथा तो सांगत नाही. ती वैशंपायन जनमेजयाला सांगतात. कर्णाला आत्मकथा सांगायला बसवलं ते तुमच्याच आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी, ‘मृत्युंजय’मध्ये, १९६७ साली. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण अशी सहा माणसं तिथं बोलतात. सुविचार ‘मृत्युंजय’मधला आहे की आणखी कुणाचा, ते पुस्तक उघडून बघा. पण एक नक्की, कादंबरीकाराचं वाक्य व्यासांच्या नावावर घातलं की दोघांवरही अन्याय होतो. शिवाजी महाराजांच्या नावानं फिरणाऱ्या संवादांचंही असंच होतं आणि तिथं तर त्यावरून माणसं भांडतात. पुढं पाठवायच्या आधी एवढं विचारा, हे कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर.

प्रश्न : आम्ही यंत्रमाग कामगारांच्या प्रश्नांवर पथनाट्यं करतो. आमची पात्रं सरळ मतच सांगतात, त्यासाठीच ती उभी केलेली असतात. कुणी म्हणतं ही कला नव्हे. आम्ही चुकतोय का? – एक तरुण, इचलकरंजी

उत्तर : नाही. तुम्ही ज्या वाटेनं चाललात ती आपल्याकडे फार जुनी आहे. नाथांच्या भारुडात विंचू चावतो, तेव्हा समोर बसलेल्या म्हातारीलाही ठाऊक असतं की हा विंचू कामक्रोधाचा. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं, त्यात विदूषक मधे मधे येऊन भटजीची लबाडी उघडी करतो. तो विदूषक म्हणजे जोतीरावच, त्यांनी ते लपवलंही नाही. ‘गुलामगिरी’मध्ये, १८७३ साली, तर त्यांनी पात्राचं नावच जोतीराव ठेवलं. जोतीराव आणि धोंडीबा बोलतात. स्वतःचं मत स्वतःच्या नावानं, आणि समोर शंका विचारणारा माणूस. पुढं सत्यशोधकी जलसे याच अंगानं गावोगाव गेले. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको.

कीर्तनातही बघा. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन सरळ उपदेश करतात. मग नामाचा गजर होतो, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, आणि उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं. कुठं उपदेश संपला आणि कुठं गोष्ट लागली, हे लहान पोरालाही कळतं. माझी तक्रार असते ती आख्यान सांगतो म्हणून बसवून घेऊन पूर्वरंगच पुन्हा सांगणाऱ्यांबद्दल. तुम्ही चौकात ढोलकी वाजवून माणसं गोळा करता, तिथं कुणाची फसवणूक होत नाही.

एक मात्र सांगते, तुमच्या नाटकाचा जो व्हिडिओ पाठवलात तो बघून. तुमचा मालक फारच मूर्ख आहे. खरा मालक पाळीवर आलेल्या कामगाराला काय सांगून गप्प बसवतो, सुताचा भाव, विजेचं बिल, ‘मलाच परवडत नाही रे’, हे तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. तेच त्याच्या तोंडी घाला, त्याच गोड आवाजात. मग तुमचा कामगार त्याला काय उत्तर देतो ते चौकातली माणसं कान देऊन ऐकतील, कारण ते उत्तर त्यांनाही उद्या सकाळी लागणार आहे.

प्रश्न : एका नव्या कादंबरीत बाप आपल्या बायकोबद्दल आणि एकूणच बायकांबद्दल अत्यंत घाणेरडं बोलतो. लेखकाच्या मनात तसं नसतं तर इतकं जोरकस लिहिता आलं असतं का? मी पुस्तक वाचनालयाला परत केलं आणि ते ठेवू नका म्हणून सांगून आलो. माझ्या मुलीला हे पटलं नाही. – निवृत्त गृहस्थ, मंगळवार पेठ

उत्तर : तुमचा राग मला समजतो. घरात मुलगी असलेल्या माणसाला असलं वाचवत नाही. पण पात्र बोललं म्हणजे लेखक बोलला, हा हिशेब आपण लावला तर मराठीतली किती तरी चांगली पुस्तकं हातची जातील.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घ्या. १९१९ साली रंगभूमीवर आलं, गडकरी तोवर गेले होते. दारूनं घर कसं मातीत जातं हे दाखवायला लिहिलेलं नाटक. त्यात रामलाल आहे, तो गडकऱ्यांच्या बाजूचा, तो लांब लांब समजावतो. आणि तळीराम आहे. आर्यमदिरामंडळ काढून दारूची अशी काही वकिली करतो की प्रेक्षागृह हसून लोळतं. सगळ्यात धारदार भाषा गडकऱ्यांनी आपल्या वैऱ्याला दिली. का? दारू अशीच बोलते म्हणून. ती मूर्खासारखी बोलली असती तर सुधाकरासारखा हुशार वकील तिच्या नादी लागला असता का? तळीराम जितका गोड, तितकी सिंधू पुढं जास्त सोसते, आणि आपल्याला आपल्या मघाच्या हसण्याचं वाईट वाटायला लागतं.

तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर १९७२ साली हेच झालं. सखारामची भाषा ऐकून लोक लेखकावर उठले. परिनिरीक्षण मंडळानं अडवलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सखाराम म्हणतो, मी लग्न करणाऱ्यांसारखा ढोंगी नाही, माझा सगळा उघडा कारभार. पण त्याच्या घरात आलेल्या लक्ष्मीचं आणि चंपाचं काय होतं ते शेवटपर्यंत बघा. नाटक त्याच्या बढाईला दुजोरा देत नाही. चंपाचा त्याच्याच हातून अंत होतो.

तसा दुसराही प्रकार असतो, तेही मान्य करते. लेखकाला ती घाण आवडत असते आणि तो पात्राआड लपतो. ते ओळखायला मी एक गोष्ट बघते. पात्र बोलत असताना खोलीतली बाकीची माणसं लेखकाला दिसतात का? ती नाहीशी झाली असतील, कुणी दुखावत नसेल, कुणी उठून जात नसेल, आणि पुढं सगळं त्या बोलणाऱ्याच्याच मनासारखं घडत असेल, तर तुमचा संशय रास्त आहे. तसली पुस्तकं मीही परत केली आहेत.

तुम्ही नाव कळवलंत ते पुस्तक मी मागवून वाचलं. बाप ओसरीवर बसून बोलतो, ते पान तुम्ही खूण करून पाठवलंत तेच. बोलणं वाचवत नाही, खरं आहे. पण त्याच पानावर आत उंबऱ्याजवळ त्याची मुलगी आईची वेणी घालतेय. बापाचं पहिलं वाक्य येतं तेव्हा तिचा कंगवा केसांत मधेच थांबतो. बाप बोलत राहतो. आई म्हणते, ‘घाल गं, उशीर होतोय.’ कंगवा पुन्हा चालायला लागतो, या वेळी हळू, केस ओढले जाऊ नयेत म्हणून. लेखकानं ओसरीवरचा आवाज लिहिला, पण त्याचे डोळे आत होते. तुमच्या मुलीनं ते पान बहुतेक तिथूनच वाचलं असावं. पुस्तक एक दिवसासाठी परत काढून आणा आणि ते पान तिच्याकडून वाचून घ्या, तिच्या आवाजात.